स्कॅनर बिघडलाय की उपाशी आहे?

सणाच्या गर्दीत काउंटरवरचा बारकोड स्कॅनर मधेच गप्प होतो. केबल काढून परत लावली की 'टूं' करून चालू, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. रांगेतलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि आपण संध्याकाळी नवीन स्कॅनरचा भाव विचारतो. मंडळी, पैसे काढण्याआधी एक तपासून घ्या. स्कॅनरला वीज पुरेशी मिळतेय का? व्हिडिओत हे घाईत सांगितलं होतं, इथे आकड्यांसकट देतोय.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन माहितीच्या, दोन विजेच्या. विजेच्या तारांवर कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, पण हात राखून. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० ची ९०० मिलीअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. हा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो. मोबाईलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा जुना साधा चार्जरही १० वॅट देतो, त्यावरून अंदाज घ्या.

त्यातही नवीन आलेल्याला लगेच पूर्ण उधारी नाही. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे उपकरणाने आधी १०० मिलीअँपिअरमध्ये भागवायचं, आपली ओळख द्यायची, किती लागतील ते सांगायचं. कॉम्प्युटरने होकार दिला की मग ५०० पर्यंत.

आता आपल्या काउंटरवर काय असतं? पोर्ट कमी पडतात म्हणून एका पोर्टला चार तोंडांचा स्वस्त हब. त्याला कीबोर्ड, माऊस, स्कॅनर, पेनड्राइव्ह, आणि वर कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावलेला! (हे 'कोणीतरी' बहुतेक वेळा मालकच असतात.) स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब वीज आणणार कुठून? त्याच एका पोर्टच्या ५०० मधून. नियमाने तो प्रत्येक तोंडाला फक्त १०० देऊ शकतो. स्वस्त हब हा नियम पाळायला लावत नाहीत, सगळे एकदम ओढतात आणि व्होल्टेज खाली येतं. स्कॅनर सगळ्यात जास्त वीज ओढतो ती बटण दाबून लाइट लागते तेव्हा. म्हणून तो नुसता पडून असताना ठीक दिसतो आणि नेमका बिल करताना अडकतो.

दुसरा चोर म्हणजे लांब केबल. काउंटर इथे, सीपीयू तिथे, मधे तीन मीटरची एक्स्टेंशन. केबलवर बारीक अक्षरात २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी असं छापलेलं असतं. आकडा लहान तितकी तार जाड. विजेच्या तारा २८ च्या असतील तर तीन मीटर जाऊन-येऊन सुमारे १.३ ओहम अडथळा होतो. ५०० मिलीअँपिअर ओढले की साधारण ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात, ५ चे ४.४ पोचतात. २४ च्या तारांमध्ये पाव व्होल्टच जातो. केबल घेताना रंग बघू नका, हा आकडा बघा.

तपासणी सोपी आहे. एक्स्टेंशन आणि हब दोन्ही काढा, स्कॅनर त्याच्या मूळ केबलने सीपीयूच्या मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचा पोर्ट नको, तो आतल्या आणखी एका वायरवरून येतो. अर्धा दिवस बिलं करा. नीट चालला तर स्कॅनर चांगला आहे, अडॅप्टरवाला हब घ्या. बराच वेळ रिकामा राहिल्यावरच बंद पडत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची टिक काढा. मागच्या पोर्टलाही तोच त्रास असेल तर दुसरी केबल लावून बघा, मगच दुरुस्तीवाल्याकडे जा.

बरेच जण विचारतात, "बिल प्रिंटरला यूएसबी लावली तरी लाइट का लागत नाही?" काउंटरवरच्या थर्मल प्रिंटरला कागद काळा करायला उष्णता लागते. त्याच्या अडॅप्टरवर बहुतेक २४ व्होल्ट, २.५ अँपिअर असं काही लिहिलेलं दिसेल, म्हणजे ६० वॅट. अडीच वॅटच्या पोर्टकडून ते होणार नाही. तिथे यूएसबी फक्त निरोप पोचवते, वीज अडॅप्टरच देतो.

आणि आता दोन अडॅप्टर झाले म्हणून एक काम आजच करा. हबचा अडॅप्टर बऱ्याचदा ५ व्होल्टचा असतो, प्रिंटरचा २४ चा, आणि काहींच्या गोल पिना सारख्याच दिसतात. साफसफाईत अदलाबदल झाली तर हब जळेल, आणि त्याला जोडलेला स्कॅनरही जाऊ शकतो. दोन्ही अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावा, मार्करने 'हब' आणि 'प्रिंटर' लिहा, आणि दुकानातल्या पोरांनाही दाखवून ठेवा.