मोटारीच्या रंगाची निगा : घरच्या घरी

सकाळी सहाच्या सुमारास आपल्या देशातील कोणत्याही शहरात, एखाद्या मोठ्या वसाहतीच्या आवारात डोकावून पाहावे. एका हातात बादली व दुसऱ्या हातात फडके घेतलेला एक मनुष्य रांगेत उभ्या असलेल्या मोटारी पुसत चाललेला दिसेल. बादली एक, फडके एक आणि मोटारी पंधरा-वीस. पहिल्या मोटारीवरची वाळू त्या फडक्यातून शेवटच्या मोटारीपर्यंत प्रवास करते. मोटार त्या वेळेपुरती स्वच्छ दिसते हे खरे. परंतु दोन-तीन वर्षांनंतर तीच मोटार भर उन्हात पाहिली, तर बॉनेटवर आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांचे चक्र उमटलेले आढळते. मालक म्हणतो, “रंग उडाला.” वस्तुतः रंग खाली शाबूत असतो, त्यावरील आवरण मात्र रोजच्या रोज घासले गेलेले असते.

या रेषा वर्तुळाकार दिसतात, हाही एक दृष्टिभ्रमच होय. त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात. परंतु सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेषा प्रकाशाला आडव्या पडतात, तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे उजेड परतवितात. म्हणून आपण जागा बदलली की चक्रही आपल्याबरोबर सरकते.

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. पत्र्यावर आधी गंजरोधक अस्तर, त्यावर पृष्ठभाग सारखा करणारे दुसरे अस्तर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांवर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक लेप अशी ही रचना असते. हे सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अष्टमांशाच्या आसपास. त्यांपैकी पारदर्शक लेप सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड भरेल. उन्हातील अतिनील किरणांना अडविणारी द्रव्ये याच लेपात असतात. तो झिजला, की खालच्या रंगाला संरक्षण उरत नाही, आणि घरी बसून तो पुन्हा चढविण्याचा उपाय नाही. पॉलिश करणे म्हणजे हाच लेप किंचित खरवडणे होय. म्हणून पॉलिश दरमहा करावयाची गोष्ट नव्हे.

जुन्या मोटारींची गोष्ट निराळी होती. १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ हे लवकर वाळणारे रोगण बाजारात आणले. त्यापूर्वी एक मोटार रंगवून वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत. नव्या रोगणाने ते काम झपाट्याने होऊ लागले. मात्र अशा जुन्या पद्धतीच्या रंगावर वेगळा पारदर्शक लेप नसे. उत्तरपाड्याची जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे, तो यामुळे. मुंबईच्या टॅक्सींतून प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण अद्याप कोणी हौसेने अशी गाडी सांभाळीत असेल, तर फडक्यावर रंग दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. नव्या गाडीवर मात्र फडके रंगले, तर हात तत्काळ थांबवावा; कारण पारदर्शक लेप तेथे संपलेला असण्याचा संभव फार.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे धुणे. कोरड्या धुळीवर फडके फिरविणे म्हणजे काचकागद फिरविण्याचाच सौम्य प्रकार. प्रथम नुसते पाणी ओतून वाळू व माती खाली वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या : एकीत मोटारीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू कालवलेले पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी. प्रत्येक भाग धुऊन झाला की फडके आधी स्वच्छ पाण्यात खळबळावे आणि मगच शाम्पूच्या बादलीत बुडवावे. टपापासून आरंभ करून खाली यावे. चाके आणि दारांच्या खालचा भाग यांसाठी वेगळे फडके असावे. भांडी घासण्याचा साबण तेवढा टाळावा, कारण तो तेलकटपणाबरोबर आधी लावलेले मेणही काढून टाकतो. काही चालक केरोसीन किंवा डिझेल लावून गाडी चकचकीत करतात. ती चमक तेलाची असते. चार दिवसांत तिच्यावर धूळ चिकटून बसते आणि पुढचे पुसणे अधिकच घातक होते.

हे सारे दोन-तीन बादल्यांत होते. नळी लावून धुण्याची आवश्यकता नाही, आणि अनेक शहरी ते परवडणारेही नाही. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याचे दुर्भिक्ष झाले, तेव्हा पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. आपल्याकडे गाडी पुसावयास कोणी येत असेल, तर त्याला आपल्या गाडीपुरती दोन स्वच्छ फडकी द्यावी आणि रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदोनदा नीट धुण्यास सांगावे. त्याचा पगार मात्र यासाठी कापू नये. श्रम कमी होत नाहीत, ते फक्त योग्य जागी लागतात.

धुतल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नये. विंधनविहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार थेंब वाळला की पांढरे वर्तुळ करून तेथेच बसतात. जाड मायक्रोफायबरचे कापड पसरून पाणी टिपून घ्यावे, रगडू नये. हे कापड पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे असते. ते सुती कपड्यांबरोबर धुतल्यास सुताचे कण त्यात अडकतात, आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याने त्याची पाणी शोषण्याची शक्ती मंदावते. जमिनीवर पडलेले कापड तर पुन्हा धुतल्यावाचून गाडीला लावूच नये.

गाडी कोरडी झाल्यावर हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद बोटे फिरवावी. खरखर जाणवली, तर लोखंडाचे कण, डांबर किंवा झाडाचा चीक रंगात रुतला आहे असे समजावे. रेल्वेमार्गाजवळ किंवा कारखान्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे विशेष आढळते. यासाठी ‘क्ले’ नावाचा चिकणमातीसारखा, पण कृत्रिम गोळा मिळतो. ही युक्ती मूळची जपानची. भरपूर पातळ शाम्पूचे पाणी शिंपडून तो गोळा दाब न देता पुढेमागे सरकवावा, मळला की घडी घालून नवी बाजू काढावी. खाली पडला तर सरळ फेकून द्यावा. त्यात रुतलेला एक खडा पुरे.

आता पॉलिश. एखाद्या ओरखड्यात नख अडकत असेल, तर तो पॉलिशने जाणार नाही. त्यामागे लागून आजूबाजूचा लेप झिजविण्यात शहाणपण नाही. नख न अडकणाऱ्या बारीक रेषा मात्र पुष्कळ कमी होतात. पॉलिशमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. ते रेषेच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात, म्हणून प्रकाश पुन्हा सरळ परततो. सर्वांत सौम्य पॉलिशपासून आरंभ करावा. गाडी सावलीत व पत्रा हाताला थंड लागेल अशी असावी. रबरी व प्लास्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून घ्यावी, नाहीतर पांढरे डाग राहतात. स्पंजावर हरभऱ्याएवढे चार थेंब घेऊन एका वेळी हातभर रुंद चौकोनच हाताळावा : आधी उभे, मग आडवे. मग पुसून पाहावे. एक हलका हात लेपाचे एक ते तीन मायक्रॉन खर्च करतो. तेव्हा नव्वद टक्के सुधारणेवर समाधान मानणे बरे. दारांच्या व बॉनेटच्या कडांवर लेप सर्वांत पातळ असतो, तेथे जवळजवळ जाऊच नये. यंत्र वापरणे असेल, तर गोल फिरत असतानाच डोलणारे, दुहेरी गतीचे घ्यावे. कारखान्यातील सरळ फिरणारे वेगवान यंत्र नवशिक्याच्या हाती क्षणात रंग जाळते.

पॉलिशनंतर लेप उघडा पडलेला असतो. त्यावर संरक्षण हवे. जुना व भरवशाचा उपाय कार्नोबा मेणाचा. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर कोरड्या हवेत पाणी उडून जाऊ नये म्हणून हे मेण निसर्गतःच येते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे मधमाशीच्या मेणाहून बरेच कठीण. तरीही आपल्या उन्हाळ्यात एक-दोन महिन्यांपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. कृत्रिम बहुवारिकांचे ‘सीलंट’ चार-सहा महिने टिकते आणि घरगुती कामास माझ्या मते तेच सोयीचे. अगदी पातळ हात द्यावा, डबीवर सांगितलेला वेळ थांबावे व स्वच्छ कापडाने पुसावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप वर्षानुवर्षे टिकतात. पण चुकून राहिलेला डाग वाळून घट्ट झाला तर तो पुन्हा पॉलिश करूनच काढावा लागतो. पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेस जाऊ नये. आणि सिरॅमिक लावल्यावर ओरखडे पडतच नाहीत, ही विक्रेत्याची भाषा समजावी.

हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. यांतील बऱ्याच द्रव्यांत ज्वालाग्राही द्रावक असतात. मुले मदतीला येतातच. त्यांना धुण्याचे काम द्यावे, डब्या मात्र त्यांच्या हाताबाहेर ठेवाव्या.

मेण किंवा सीलंट शाबूत असेतो पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहून घरंगळतात. ते पसरट होऊन चिकटून राहू लागले, म्हणजे पुन्हा हात देण्याची वेळ आली असे समजावे. तोवर एकच पथ्य : पक्ष्यांची विष्ठा दिसली की सायंकाळपर्यंत थांबू नये. उन्हाने लेप मऊ होतो, आणि ती वाळत असताना तिचा ठसा त्यात कायमचा उमटतो. ओले कापड पाच मिनिटे त्यावर ठेवून, भिजल्यावर, न घासता उचलून घ्यावी. आंब्या-वडाखाली गाडी ठेवणाऱ्यांनी पाण्याची एक लहान बाटली व एक कापड डिकीत नेहमीच ठेवावे.