जागतिक वैद्यकीय परिषद कोणत्या शहरात होणार, हे ठरतं कसं? हॉल, हॉटेल आणि व्हिसाचं गणित समजून घ्या

जगभरातले डॉक्टर, संशोधक, परिचारिका, औषध कंपन्या आणि रुग्णांच्या संघटना ठरावीक वर्षांनी एका शहरात जमतात. चार-पाच दिवस चर्चा चालते. नवीन औषध कोणतं आलं, जुन्या उपचारात काय कमी पडतंय, कोणत्या देशात कोणता रोग वाढतोय, हे तिथं मांडलं जातं. अशा मोठ्या परिषदेला इंग्रजीत 'काँग्रेस' म्हणतात. इथं पक्षाचा संबंध नाही आणि बांधावरच्या काँग्रेस गवताचाही नाही. काँग्रेस म्हणजे मोठी सभा, एवढंच.

ही सभा आपल्याकडे व्हावी म्हणून जगातली शहरं कित्येक वर्षं आधीपासून कामाला लागतात. त्यात पैसा आहे, नाव आहे. पण शहर निवडताना एक गोष्ट नजरेआड झाली, तर ज्यांच्या आजारासाठी परिषद भरते ते रुग्णच दाराबाहेर राहतात. एड्सच्या जागतिक परिषदेत हे प्रत्यक्ष घडलं आहे.

साहित्य संमेलनाचं ठिकाण ठरतं, तसंच काहीसं

आपल्याकडे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी वेगवेगळ्या गावांच्या संस्था महामंडळाकडे निमंत्रण पाठवतात. स्थळ निवड समिती जागा बघायला येते. मंडप कुठं, पाहुणे राहणार कुठं, जेवणाचं काय, हे सगळं तपासलं जातं आणि मग निर्णय होतो. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावाला २०२४ मध्ये ९७ वं संमेलन मिळालं, ते अशाच पद्धतीतून.

वैद्यकीय परिषदेचंही साधारण तसंच चालतं. त्या-त्या रोगाची किंवा शाखेची आंतरराष्ट्रीय संघटना आधी अटी जाहीर करते. इच्छुक शहरं प्रस्ताव देतात. बहुतेक वेळा त्या देशातली डॉक्टरांची संघटना यजमान म्हणून पुढे होते आणि शहराचं कार्यालय तिच्या पाठीशी उभं राहतं. मग संघटनेची माणसं पाहणीला येतात. शेवटी कार्यकारिणी किंवा सभासद निर्णय घेतात. हे सगळं परिषदेच्या तीन-चार वर्षं आधी, कधी त्याहूनही लवकर उरकलेलं असतं.

परिषदा आणण्यासाठी शहराने वेगळं कार्यालय ठेवायचं, ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १८९६ मध्ये व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन असं पहिलं कार्यालय सुरू केलं. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत ते आहे.

अटी काय असतात?

पहिली अट जागेची. एक मोठं सभागृह, त्याला लागून एकाच वेळी वेगवेगळी सत्रं चालतील असे लहान हॉल आणि औषधं-यंत्रं मांडायला प्रदर्शनाची जागा लागते. दुसरी अट खोल्यांची. साध्या लॉजपासून महागड्या हॉटेलपर्यंत हजारो खोल्या एकाच आठवड्यात मोकळ्या पाहिजेत. तिसरी अट प्रवासाची. थेट विमानं आणि विमानतळावरून शहरात यायला मेट्रो किंवा बस हवी.

आकडा किती मोठा असतो बघा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची परिषद दर वर्षी भरते. २०२३ ला ती ॲमस्टरडॅमला झाली, २०२४ ला लंडनला, २०२५ ला माद्रिदला. तिला साधारण ३० हजार लोक येतात. म्हणजे छोट्या नगरपरिषदेचं अख्खं गाव चार दिवसांसाठी दुसऱ्या शहरात मुक्कामाला जावं, तसं. एवढी माणसं पेलणारी शहरं जगात मोजकीच आहेत, त्यामुळे मोठ्या परिषदांसाठी तीच-तीच नावं पुढे येतात.

सगळ्याच परिषदा फिरत्या नसतात. काही यात्रा दर वर्षी एकाच गावी भरतात, तशी युरोपातल्या क्ष-किरण तज्ज्ञांची परिषद १९९१ पासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नालाच भरते आहे. शहरांची खरी चुरस असते ती फिरत्या परिषदांसाठी. या फिरत्या परिषदांचा हिशेब 'इक्का' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना ठेवते आणि शहरांची क्रमवारी लावते. त्यांच्या यादीत येण्यासाठी परिषद नियमित भरली पाहिजे, किमान ५० लोक आले पाहिजेत आणि ती किमान तीन देशांत फिरती असली पाहिजे.

शहराला मिळतं काय, आणि खर्च कोण करतं?

हॉटेल, टॅक्सी, जेवणाचे ठेके, मंडप, छपाई, दुभाषे, सुरक्षा रक्षक अशा अनेकांना काम मिळतं. पर्यटक कमी येतात त्या महिन्यांत परिषद मिळाली तर रिकाम्या खोल्या भरतात. स्थानिक डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना जगातले तज्ज्ञ घरबसल्या ऐकायला मिळतात, हा वेगळाच फायदा.

खर्चाचा मोठा भाग येणाऱ्यांच्या नोंदणी शुल्कातून आणि कंपन्यांनी घेतलेल्या स्टॉलमधून निघतो. शहरंही सवलती देतात. इथं एक जुनं दुखणं आहे. औषध कंपनीने डॉक्टरचं तिकीट आणि हॉटेल भरायचं, मग डॉक्टरने त्या कंपनीची गोळी लिहायची, अशा तक्रारी जगभर झाल्या. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली. कार्यक्रमात वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कंपनीने करू नये, असं त्यात आहे.

बोस्टनची परिषद ॲमस्टरडॅमला का गेली?

हॉल, खोल्या आणि विमानं असूनही परिषद हातची जाऊ शकते. एड्सची पहिली जागतिक परिषद १९८५ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात झाली. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेने एचआयव्हीची लागण असलेल्या परदेशी माणसांना देशात येण्यास बंदी घातली. १९८९ मध्ये आरोग्यविषयक परिषदेसाठी निघालेल्या एका डच कार्यकर्त्याच्या सामानात एड्सचं औषध सापडलं. त्याला विमानतळावरच अडवलं आणि काही दिवस कोठडीत ठेवलं.

१९९० ला एड्स परिषद सॅन फ्रान्सिस्कोला होती. बंदीच्या निषेधार्थ अनेक संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. १९९२ ची परिषद बोस्टनला ठरली होती. यजमान हार्वर्ड विद्यापीठाची संस्था होती. म्हणजे नावाची, पैशाची किंवा जागेची कसलीच कमी नव्हती. तरी अमेरिका बंदी उठवत नाही म्हटल्यावर आयोजकांनी परिषद तिथून हलवली आणि नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमला घेतली. ज्या आजारावर बोलायचं, त्याच्याच रुग्णांना आत येता येत नसेल तर सभा घेऊन उपयोग काय, हा त्यांचा मुद्दा होता.

ही बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली. त्यानंतर २०१२ ला परिषद वॉशिंग्टनला भरली. मध्ये तब्बल २२ वर्षं एड्सची जागतिक परिषद अमेरिकेतल्या एकाही शहराला मिळाली नाही.

डर्बनला गेल्यामुळे काय बदललं?

१९९६ ला कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत मोठी बातमी आली होती. तीन औषधं एकत्र दिली तर एड्सचा रुग्ण जगतो, हे तिथं मांडलं गेलं. पण श्रीमंत देशांत या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १० हजार डॉलरच्या पुढे होता. त्या वेळच्या दराने साडेतीन लाख रुपयांहून जास्त. गरीब देशांतले रुग्ण मरत राहिले.

२००० सालची परिषद दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला झाली. विकसनशील देशात ही परिषद पहिल्यांदाच भरत होती, तीही रोगाचा सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागात. उद्घाटनाला एन्कोसी जॉन्सन हा ११ वर्षांचा एचआयव्हीबाधित मुलगा बोलला. पुढच्या वर्षी तो गेला. एचआयव्हीबाधित असलेले तिथले न्यायाधीश एडविन कॅमेरॉन यांनी, आपल्याला औषध परवडतं म्हणूनच आपण जिवंत आहोत, असं भर सभेत सांगितलं. हजारो लोकांनी औषधांसाठी मोर्चा काढला. औषधाच्या किमतीचा प्रश्न त्यानंतर जगाला टाळता आला नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने अशीच तीन औषधं एका सेवाभावी डॉक्टर संघटनेला वर्षाला ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवली. म्हणजे साधारण १६ हजार रुपये. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी उपचार सुरू केले. सुरुवात आठ सरकारी रुग्णालयांत झाली, त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. व्हँकुव्हरच्या सभागृहातली बातमी सरकारी दवाखान्याच्या खिडकीपर्यंत यायला आठ वर्षं लागली.

आता अडचण व्हिसाची

२०२२ ला एड्स परिषद कॅनडातल्या मॉन्ट्रियलला भरली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या शेकडो लोकांना व्हिसा नाकारला गेला किंवा वेळेत मिळाला नाही. उद्घाटनातच निदर्शनं झाली. उलट उदाहरण रवांडाच्या किगालीचं आहे. तिथं २०१६ मध्ये नवं परिषद केंद्र उभं राहिलं आणि २०१८ पासून सगळ्या देशांच्या लोकांना विमानतळावरच व्हिसा मिळू लागला. परिषदांच्या क्रमवारीत किगाली आज आफ्रिकेतल्या आघाडीच्या शहरांत आहे. एचआयव्हीवरची २०२५ ची वैज्ञानिक परिषद तिथंच झाली.

आपल्याकडे काय?

भारतात हैदराबादने यात आघाडी घेतली. फुप्फुसांच्या आजारांवरची, मुख्यतः टीबीवरची, ५० वी जागतिक परिषद २०१९ मध्ये तिथं झाली. २०२२ ला कुष्ठरोगाची आंतरराष्ट्रीय परिषदही तिथंच भरली. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे ही परिषद इथं होण्याला वेगळा अर्थ होता. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड केंद्र २०२२ मध्ये आणि दिल्लीत द्वारकेचं यशोभूमी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे हॉलची अडचण कमी झाली आहे. पण परदेशी पाहुण्यांसाठी केंद्र सरकारची परवानगी आणि कॉन्फरन्स व्हिसा लागतो. ते काम वेळेत झालं तरच हॉलचा उपयोग.

बातमी वाचताना एवढं बघा

अमुक शहराला जागतिक परिषद मिळाली, अशी बातमी मोबाईलवर आली की तीन गोष्टी तपासा. त्या रोगाचे रुग्ण आणि त्यांच्यासाठी काम करणारी माणसं तिथं पोहोचू शकणार का? खर्च कोण करतंय? आणि तिथं जाहीर झालेला उपचार आपल्या ग्रामीण रुग्णालयात कधी येणार? हा तिसरा प्रश्न लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

*(एचआयव्हीची तपासणी आणि एआरटी औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे.)*