क्रॅश बँडिकूट : जुना खेळ, नवी उडी आणि आपली मुलं



आजचा विषय जरा वेगळा आहे. व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, मुलांना किती वेळ खेळू द्यायचं? त्यावर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून तो आज बाजूला ठेवू. आज एकच खेळ घेऊ आणि पाहू, की लहानपणी आवडलेली गोष्ट वीस वर्षांनी नव्या रूपात समोर येते तेव्हा तिच्यात नेमकं काय बदललेलं असतं. हे पाहायचं कारण असं, की तो बदल लक्षात न आल्यामुळे आपण शेजारी बसलेल्या मुलाला भलतंच काहीतरी बोलून जातो.

खेळाचं नाव क्रॅश बँडिकूट. तुमचं वय आज ३५ ते ४५ च्या दरम्यान असेल आणि तुमच्या किंवा एखाद्या मित्राच्या घरी प्लेस्टेशन असेल, नाहीतर तासाचे पैसे देऊन तुम्ही ते कुठेतरी खेळला असाल, तर हा केशरी रंगाचा, निळी अर्धी पँट घातलेला, वेड्यासारखा गोल गोल फिरून लाकडी खोकी फोडणारा प्राणी तुम्हाला नक्की आठवेल. अमेरिकेतल्या नॉटी डॉग या कंपनीने तो बनवला. जेसन रुबिन आणि अँडी गॅव्हिन हे दोन शाळकरी वयापासूनचे मित्र, त्यांची ही कंपनी. पहिला भाग १९९६ साली आला, दुसरा १९९७ ला आणि तिसरा १९९८ ला. प्रकार प्लॅटफॉर्म गेमचा, म्हणजे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत पुढे जायचं. उडी चुकली की खाली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

जाता जाता एक गंमत. बँडिकूट हा शब्द इंग्रजीत गेला तो तेलुगूतल्या पंदिकोक्कु या शब्दावरून. अर्थ डुक्कर-उंदीर, म्हणजे आपली घूस! इंग्रजांनी तो शब्द इथून उचलला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्याला चिकटवला. आपला क्रॅश हा त्या ऑस्ट्रेलियन जातीतला. भाषेच्या तासाला शब्दांचा प्रवास शिकवताना मुलांना हे सांगा, वर्ग लगेच जागा होतो.

आता नव्या रूपाकडे येऊ. ३० जून २०१७ रोजी हे तिन्ही भाग एकत्र करून 'एन. सेन ट्रिलॉजी' नावाने प्लेस्टेशन ४ वर आले. (नाव भरभर म्हणून पाहा, 'इन्सेन' ऐकू येतं. या खेळात असले शब्दखेळ जागोजागी आहेत.) पुढच्या वर्षी ते संगणकावर आणि इतर यंत्रांवरही मिळू लागले. हे काम मूळ कंपनीने केलेलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने ते केलं आणि ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केलं.

याला सगळे रीमास्टर म्हणतात, पण हा शब्द इथे पुरता बसत नाही. जुन्या गाण्याची ध्वनिमुद्रिका साफ करून, खरखर काढून पुन्हा काढली तर ते रीमास्टर. तेच गाणं नव्या गायकाकडून, नव्या वाद्यमेळासह, पण तान न् तान तशीच ठेवून पुन्हा गाऊन घेतलं तर ते वेगळं काम झालं. इथे दुसरा प्रकार आहे. बनवणाऱ्यांकडे मूळ खेळाच्या पातळ्यांचा सांगाडा होता, म्हणजे कुठे दगड, कुठे खड्डा, किती अंतरावर पूल. त्यावरची चित्रं, हालचाली आणि आतली सगळी यंत्रणा त्यांनी नव्याने उभी केली.

डोळ्यांपुरतं बोलायचं तर काम झकास झालंय. मूळ प्लेस्टेशनची मुख्य स्मृती फक्त २ एमबी होती. आज आपल्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा यापेक्षा मोठा असतो. तेवढ्या जागेत जंगल, धबधबे, पडके वाडे आणि त्यातून धावणारा हा प्राणी बसवायचा होता. पहिल्या भागातला क्रॅश सुमारे ५१२ छोट्या बहुकोनांचा बनलेला होता आणि त्याच्या अंगावर चित्राचा पोत जवळजवळ नव्हताच, नुसते सपाट रंग. खोकी तरी इतकी का? कारण खोकं काढायला फार कमी बहुकोन लागतात. खेळ रिकामा रिकामा वाटत होता, जास्त शत्रू घालायला यंत्रात जागा नव्हती, म्हणून खोकी आली आणि तीच पुढे या खेळाची ओळख झाली. नव्या रूपात क्रॅशला केसाळ अंग आहे, डोळ्यांत भाव आहेत, पानांतून झिरपणारं ऊन आहे. जुने खेळाडू ते पाहून म्हणतात, "अगदी असंच दिसायचं!" खरं तर तसं दिसत नव्हतं. मूळ खेळाचं चित्र शेजारी लावून पाहा, म्हणजे आठवणीने त्यात किती रंग भरलेत ते कळेल.

मात्र डोळे फसले तरी बोटं फसत नाहीत, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

२०१७ साली खेळ हातात आल्यावर जुन्या खेळाडूंच्या लक्षात आलं, की पहिल्या भागात आपण नको तिथे पडतोय. लहानपणी सहज जमणारी उडी कडेला लागून घसरते. सुरुवातीला वाटलं, वय झालं, सराव गेला. पण तक्रारी वाढल्या आणि कंपनीने त्याच जुलै महिन्यात जाहीरपणे सांगितलं, की हो, पहिल्या भागातल्या काही उड्या आता जास्त अवघड आहेत. कारण असं, की मूळ तीन भागांत क्रॅशची हालचाल थोडी थोडी वेगळी होती. नव्या संचात तिन्हींना एकच हालचाल दिली, आणि तीही तिसऱ्या भागावर बेतलेली. त्यामुळे पहिल्या भागाची मैदानं जुन्या मापाची राहिली आणि उडी मात्र नव्या मापाची झाली. क्रॅश पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो.

दुसरं कारण जास्त मजेदार आहे आणि वर्गात दाखवता येण्यासारखं आहे. पडद्यावर आपल्याला क्रॅशचे पाय दिसतात, पण संगणक पाय बघत नाही. त्याच्या हिशेबात क्रॅश म्हणजे एक साधा, न दिसणारा आकार असतो. तो आकार जमिनीला टेकला की नाही, एवढंच संगणक तपासतो. नव्या खेळात हा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा आहे, तळाला गोल. आता फळा पुसायचा डस्टर घ्या आणि टेबलाच्या कडेवर असा ठेवा की अर्ध्याला जरा कमी भाग बाहेर राहील. तो पडत नाही. तिथेच चेंडू ठेवून पाहा. जुन्या खेळात पाऊल कडेवर अर्धंमुर्धं पडलं तरी क्रॅश डस्टरसारखा टिकायचा. नव्या खेळात तो चेंडूसारखा घरंगळतो. 'रोड टू नोव्हेअर' आणि 'द हाय रोड' या दोन पातळ्यांवर धुक्यात लटकणारे, तुटक्या फळ्यांचे झुलते पूल आहेत. तिथे हा फरक सगळ्यात जास्त छळतो.

ज्यांनी पूर्वी रेमिंग्टन पद्धतीचं मराठी टंकलेखन शिकून घेतलं आणि नंतर युनिकोडसाठी इन्स्क्रिप्टवर बसावं लागलं, त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. कळफलक बदलला की वेगाने टाइप करणारा माणूस नवशिक्यापेक्षा जास्त अडखळतो. नवशिक्याची बोटं कोरी असतात, याची बोटं आधीच ठरलेल्या जागी जाऊन पोहोचलेली असतात. हातांची आठवण ही अशी असते. सायकल, तबला, पोळी लाटणं, सगळं तिथेच साठवलेलं असतं आणि ते शब्दांत सांगता येत नाही. म्हणून जुना खेळाडू नव्या पुलावरून पडतो तेव्हा त्याला कारण सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, "पूर्वी असं होत नव्हतं."

आता हेच दृश्य घरात आणा. बाबा मोठ्या हौसेने आपल्या लहानपणीचा खेळ मुलीसमोर ठेवतात. ती पुलावर दहा वेळा पडते, कंट्रोलर खाली ठेवते आणि म्हणते, "मला नाही खेळायचं." बाबांच्या तोंडून वाक्य निघतं, "तुमच्या पिढीला चिकाटीच नाही. आम्ही तुझ्याएवढे असताना हा पूल पार केला होता."

नाही केला होता. बाबांनी दुसरा पूल पार केला होता. दिसायला तोच, पण पायाखाली धरून ठेवणारा.

शिवाय बाबांना एक मदतनीस होता आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूळ क्रॅश बनवणाऱ्यांनी खेळात एक गुपचूप व्यवस्था ठेवली होती, ती त्यांनी पुढे स्वतःच उघड केली. खेळाडू एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मरू लागला, की खेळ त्याला सुरुवातीलाच अकू अकू नावाचा रक्षक मुखवटा देई, म्हणजे एक फटका माफ. मोठा गोल धोंडा मागे लागलेला असताना वारंवार चिरडला गेला, तर धोंडा दर वेळी किंचित सावकाश येई. फारच झालं, तर फळांचं एखादं साधं खोकं गुपचूप बदलून तिथे थांब्याचं खोकं ठेवलं जाई, म्हणजे पुढच्या खेपेला तिथून सुरुवात. चांगल्या खेळाडूला यातलं काहीच मिळत नसे, त्याला आव्हान पूर्ण मिळे. आणि कच्च्या खेळाडूला कळतही नसे की आपल्याला हात दिला गेलाय. पूल पार केल्यावर त्याला वाटे, मी केलं!

बी.एड.ला आपण सगळ्यांनी वायगॉट्स्की वाचला, आधार देऊन हळूहळू काढून घेण्याबद्दल उत्तरं लिहिली. पण आधार देताना मुलाचा मान राखायचा, तो चारचौघांत दाखवायचा नाही, हा भाग आपल्याकडून सहज निसटतो. "ज्यांना जमत नाही त्यांनी सोपी गणितं सोडवा" असं वर्गासमोर म्हटलं की मदत झाली, पण मूल मात्र खाली बसलं. धोंडा सावकाश करायचा असेल तर मुलाची पाठ त्याच्याकडे असताना करावा. मी वर्गात यासाठी वेगवेगळ्या संख्या घातलेल्या पण दिसायला सारख्या कार्यपत्रिका वापरते. वेळ जातो, पण कोणाची पत्रिका 'सोपी' हे कोणालाच कळत नाही.

सगळं अवघडच झालंय असंही नाही. काही बाबतींत आजच्या मुलांना खूप सवलत आहे. मूळ पहिल्या भागात हवं तेव्हा खेळ साठवता येत नसे. मधली एखादी बक्षीस-फेरी पूर्ण केली किंवा हिरा मिळवला, तरच साठवायची संधी मिळे, नाहीतर यंत्र बंद केल्यावर मेहनत पाण्यात. आता खेळ आपोआप साठतो. पहिल्या भागात हिरा हवा तर सगळी खोकी फोडायची आणि तेही एकदाही न मरता, असा नियम होता. राहिलेली खोकी शेवटी एकेक करून क्रॅशच्या डोक्यात पडत! आता रंगीत हिरे सोडले तर मरण्याची मुभा आहे. हे बदल मला योग्य वाटतात. जुन्या पद्धतीत मुलाचा बराचसा वेळ आधीच जमलेला भाग पुन्हा करण्यात जायचा, आणि त्याला सराव म्हणता येत नाही, ती शिक्षा होती. पण म्हणूनच दोन पिढ्यांची तुलना या खेळावरून करता येत नाही. एकीकडे उडी अवघड, दुसरीकडे नियम सोपे. मापच वेगळं आहे.

एक गोष्ट मात्र नव्याने करताना बदलायला हवी होती असं मला वाटतं. पहिल्या भागात बेटावरचे मूळ रहिवासी दाखवलेत ते जुन्या परदेशी कार्टूनमधल्या ठोकळ्याप्रमाणे, भाले, मुखवटे आणि लठ्ठ सरदार. नव्या रूपात ते अधिक देखणे झाले, एवढंच. मूल मोठं असेल तर खेळ थांबवून विचारा, "ही माणसं तुला कशी दाखवलीत असं वाटतं?" मुलं बरोबर पकडतात.

घरी हा खेळ आणायचा विचार असेल तर सुरुवात पहिल्या भागापासून करू नका. क्रमाने जायची आपली सवय इथे नडते. तिसऱ्या भागापासून सुरू करा, कारण नवी उडी मुळात त्याच भागाची आहे आणि तिथली मैदानंही तिला साजेशी आहेत. मग दुसरा, आणि हात बसल्यावर पहिला. पुलांवर पोहोचल्यावर मुलाला डस्टर आणि चेंडूचा प्रयोग दाखवा आणि सांगा, की फळीच्या मधोमध उतरायचं, कडेवर भरवसा नाही. तुम्ही स्वतः खेळायला बसलात तर तेच करा, आणि मूल बघत असताना पडा. त्याला ते फार आवडतं.

संचात 'स्टॉर्मी असेंट' नावाची एक पातळीही आहे. वादळात, सरकत्या पायऱ्यांवरून किल्ला चढायचा. १९९६ साली बनवणाऱ्यांनाच ती फार अवघड वाटली, म्हणून त्यांनी ती खेळातून काढली, पण तबकडीवर ती कुलूपबंद तशीच राहिली होती. २०१७ मध्ये ती पहिल्यांदा रीतसर सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्यापुरतं तरी कोणत्याही बाबांना "आम्ही तुझ्याएवढे असताना" म्हणता येणार नाही. तिथे दोघंही पहिल्यांदाच पडणार आहेत.