गवा आडवा उभा राहिला की समजायचं काय?

आज विषय आपल्या कोल्हापूरच्याच पाहुण्याचा. पाहुणा कसला, खरं तर घरमालकच. गवा.

गेल्या उन्हाळ्यात दाजीपूरला सफारीला गेलो होतो. सड्याच्या कडेला एक काळाकभिन्न नर झाडीतून बाहेर आला आणि चक्क आडवा उभा राहिला. अख्खी बाजू आमच्याकडं. ‘काय पोज दिलीय भावा!’ म्हणत मी मोबाईल घेऊन जीपमधून वाकलो, तर वाटाड्यानं दंड धरून मागं ओढलं. ‘पोज न्हाई ती. दम देतोय.’

नंतर वाचल्यावर कळलं, बरोबर होतं त्याचं. दोन नर गवे समोरासमोर आले की लगेच शिंगं लावत नाहीत. आधी बाजू दाखवतात. पाठीवरचा तो उंचवटा बाजूनंच दिसतो ना, म्हणजे ‘बघ, मी केवढा आहे.’ समोरचा घाबरून निघून गेला तर भांडण मिटलं. आणि अंगानं तरी केवढा? खांद्यापाशी जवळपास सहा फूट, वजन आठशे-नऊशे किलो, कधी त्याहूनही जास्त. आपल्याला जो फोटो झकास वाटतो, तो त्याच्या भाषेत शेवटून दुसरा इशारा असू शकतो.

कळपाचं वेगळं असतं. त्यात माद्या आणि वासरं. मोठे नर बऱ्याचदा एकटे हिंडतात. आपण सगळे शिंगांकडं बघतो, पण बघायचं नाकाकडं. गव्याचं नाक फार तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडं वाहत असेल तर तुम्ही दिसायच्या आधीच त्याला कळलेलं असतं. एका मादीनं चरणं थांबवून मान वर केली, जोरात फुस्स केलं, की बाकीच्याही माना वर. तिथंच थांबायचं. सगळ्या माना वर असलेला फोटो म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेल्याचा पुरावा. चरणारा कळप मिळाला, तर तो खरा फोटो.

मोबाईलवाल्यांसाठी एक गोष्ट. काळ्या अंगावर बोट ठेवून फोकस केला की फोन फोटो उजळ करतो आणि पायातले ते पांढरे मोजे पार जळून जातात. उजेड थोडा खाली ओढा. फ्लॅश बंद, गाडीचं इंजिन बंद. झूम फार ताणू नका, सड्यासकट कळप येऊ द्या.

आणि हो, ‘बायसन’ म्हणू नका हं. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गवा आपल्या गाईच्या जवळचा. १९५८ साली याच्यासाठीच दाजीपूरचं अभयारण्य झालं, आता राधानगरी अभयारण्य म्हणतात.

हे सगळं आज का सांगतोय? ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला होता, आठवतंय? मागं गर्दी, हातात मोबाईल. काही तास पळून पळून, बेशुद्ध करून पकडलं, पण तो वाचला नाही. एवढं अवजड जनावर जीव तोडून पळालं की अंग तापतं, स्नायू निकामी होतात. जखम नसली तरी मरतं.

आपल्याकडंही ऊसात गवा दिसल्याच्या बातम्या येतात. दिसला तर लाईव्ह जाऊ नका. त्याची परत जायची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.

दाजीपूरचा माझा फोटो? हलला तो. हात खेचला होता ना.