प्रार्थनेलाही धैर्य लागतं!

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना आपण घरादारासाठी मागणं मागतो. मुलांच्या परीक्षेसाठी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, गावाला गेलेल्या माणसासाठी. त्याला काही धैर्य लागत नाही. पण ज्याचं नाव घेणंही जोखमीचं झालंय, त्या माणसासाठी भर सभेत हात जोडायचे, तेही सत्तेच्या समोर! दुर्गाबाई भागवतांनी हे केलं, त्याला आता अर्धं शतक झालं.

साल १९७५. जूनच्या २५ तारखेला देशात आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांत काय छापायचं ते सरकार ठरवू लागलं. जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या वृद्ध नेत्यालाही अटक झाली. कैदेतच त्यांची प्रकृती ढासळली, मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबरात त्यांना सोडलं आणि उपचारांसाठी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं.

अशा दिवसांत, डिसेंबरमध्ये, कऱ्हाडला ५१वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांना हा मान मिळाला होता. त्यानंतर तो मिळालेल्या या दुसऱ्याच बाई. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे देशाचे परराष्ट्रमंत्री. आणि कऱ्हाड तर त्यांचंच गाव.

आता आपण बायकांना हा पेच नवा नाही. यजमान चांगला आहे, रसिक आहे, आपला मान राखतो आहे. त्याच्या दारात त्याला न रुचणारं कसं बोलायचं? रागावलेल्या माणसापुढं बोलणं एक वेळ सोपं, पण आदरातिथ्य करणाऱ्यापुढं जीभ अडखळते. ‘जाऊ दे, कशाला उगीच विषय काढायचा’ असं म्हणून आपण ताटातलं गोड खातो आणि गप्प बसतो.

दुर्गाबाई गप्प बसल्या नाहीत. लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल त्या स्पष्ट बोलल्याच. शिवाय जयप्रकाशांचं नाव घेऊन, त्यांना आराम पडावा म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, अशी विनंती त्यांनी केली. शिवी नाही, घोषणा नाही. आजारी माणसाला बरं वाटू दे, एवढंच. पण त्या नावामुळं साऱ्यांना सारं कळलं. अशा मागण्यात गुन्हा तरी कोणता शोधणार?

ही बाई होती तरी कोण? आयुष्य ग्रंथालयात घालवलेली, अविवाहित, बौद्ध वाङ्मयाची आणि लोकसाहित्याची अभ्यासक. तरुणपणी संशोधनासाठी गोंडांच्या मुलखात हिंडताना विषबाधा झाली आणि काही वर्षं अंथरुणाला खिळून काढावी लागली. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ ही त्यांची पुस्तकं प्रसिद्धच आहेत. पण पाककलेवरही त्यांनी ‘खमंग’ नावाचं पुस्तक लिहिलं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? चुलीपाशी रमणारी बाई सत्तेपुढं ताठ उभी राहू शकत नाही, असं कुणी म्हणालं तर हे पुस्तक पुढं करावं!

किंमत मोजावी लागलीच. आणीबाणीतच दुर्गाबाईंना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. तुरुंगवास घडला. १९७७च्या निवडणुकीत त्यांनी गावोगावी जाऊन सत्ताधारी पक्षाविरुद्ध प्रचार केला. तो पक्ष हरला, आणीबाणी उठली.

निषेधाची रीत प्रत्येकीची वेगळी असते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाईविरुद्ध मुंबईत हजारो गृहिणींना रस्त्यावर आणलं. हातात काय? तर लाटणं! मृणालताईंनाही आणीबाणीत तुरुंग पाहावा लागला. एकीनं लाटणं उचललं, एकीनं हात जोडले. दोन्ही वस्तू आपल्या घरातल्याच. सत्तेला त्यांची भीती वाटावी, हे नवल नाही का?

आता तुम्ही म्हणाल, ‘हे मोठ्यांचं झालं. आम्हाला कोण विचारतंय?’ पण सत्ता काही फक्त दिल्लीत नसते. ती जेवणाच्या टेबलाशी असते, कचेरीत असते, सोसायटीच्या सभेतही असते. तिथं खरं बोलायचं असेल, तर कऱ्हाडच्या त्या प्रसंगातून तीन गोष्टी घेता येतात. एक, आवाज चढवायची गरज नाही. दोन, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं नाव घ्यावं. ‘काही लोकांना त्रास होतो’ असं मोघम बोललं की कुणालाच काही लागत नाही. तीन, बोलायचं ते तोंडावर बोलावं. पाठीमागं बोललेलं खरंसुद्धा चहाडी ठरतं.

आणि श्रद्धा? ती देव्हाऱ्यापुरती ठेवली तर आपल्याला धीर देते. दुसऱ्यासाठी, त्यातही एकट्या पडलेल्या माणसासाठी हात जोडले, तर ती त्यालाही धीर देते. उद्या दिवा लावाल तेव्हा घरच्या नावांबरोबर असं एखादं नाव घ्या. आणि जमलं, तर ते चारचौघांतही घ्या.