रक्तविज्ञानातील निवासी प्रशिक्षण (महाराष्ट्र)

रक्तविज्ञानातील निवासी प्रशिक्षण हे रक्त, अस्थिमज्जा, लसीका ग्रंथी आणि रक्त गोठण्याची क्रिया यांच्या विकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ घडवण्यासाठी रुग्णालयात राहून घ्यावयाचे अतिविशेषता शिक्षण आहे. भारतात एम.डी. पदवीनंतर तीन वर्षांच्या डी.एम. (क्लिनिकल हिमॅटॉलॉजी) अभ्यासक्रमातून किंवा नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्सच्या समकक्ष अभ्यासक्रमातून ते दिले जाते. महाराष्ट्रात या शिक्षणाच्या जागा मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत आहेत. तथापि रक्तविकाराचा रुग्ण प्रथम जेथे पोहोचतो, ते रुग्णालय बहुधा सांगली, मिरज, सातारा अशा ठिकाणचे असते आणि त्याला पहिल्यांदा तपासणारा निवासी डॉक्टर सामान्य वैद्यकशास्त्राचा किंवा बालरोगशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असतो. त्यामुळे रक्तविज्ञानाच्या शिक्षणाचा काही भाग डी.एम.च्या बऱ्याच आधी सुरू होतो.

प्रवेश

डी.एम.साठी मुख्यत्वे सामान्य वैद्यकशास्त्र किंवा बालरोगशास्त्र यांतील एम.डी. अथवा डी.एन.बी. पदवी लागते. प्रवेश नीट-एसएस या देशव्यापी परीक्षेतून होतात. वैद्यकीय शिक्षणाचे नियमन २०२०पासून भारतीय वैद्यक परिषदेऐवजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग करतो. महाराष्ट्रातील शासकीय व संलग्न महाविद्यालयांची पदवी नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) देते, तर अभिमत विद्यापीठे स्वतःची पदवी देतात. प्रयोगशाळेकडे कल असणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांसाठी रक्तविकृतिशास्त्राचा वेगळा मार्ग आहे. त्यात रुग्णावरील उपचारांपेक्षा निदानावर भर असतो.

रुग्णकक्ष आणि सूक्ष्मदर्शक

इतर बहुतेक वैद्यकीय शाखांत निदानाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तेथून अहवाल परत येतो. रक्तविज्ञानाचा निवासी मात्र रुग्णाच्या खाटेजवळून उठून स्वतः सूक्ष्मदर्शकासमोर बसतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवून रक्तलेप तयार करणे, तो लिशमन रंजकाने रंगवणे आणि पेशी ओळखणे, येथून प्रशिक्षण सुरू होते. स्वयंचलित यंत्र पेशींची संख्या अचूक सांगते. पण तुटलेली तांबडी पेशी, विळ्याच्या आकाराची पेशी किंवा अपक्व पांढरी पेशी यांबाबत शेवटचा शब्द अजूनही डोळ्यांचाच असतो.

हे कौशल्य हौसेचे नाही, हे तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरून कळते. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि उपचार सुरू होण्यापूर्वीच मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू येऊ शकतो. १९८०च्या दशकात शांघाय येथील डॉक्टरांनी ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल या औषधाचा परिणाम दाखवून दिला. आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या जोडीने ते दिल्यास आज हा आजार रक्ताच्या तीव्र कर्करोगांपैकी सर्वाधिक बरा होणाऱ्यांत गणला जातो. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांमधील अदलाबदल हा त्याचा निश्चित पुरावा होय. परंतु त्या चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबणे धोक्याचे असते. रक्तलेपात गडद कणांनी भरलेल्या आणि आत मोळीसारखे बांधलेले ऑअर दंड असणाऱ्या पेशी दिसल्या की संशयावरूनच औषध सुरू करावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रात्री दोन वाजता ती काचपट्टी कोणी पाहिली की सकाळपर्यंत तशीच राहिली, यावर रुग्णाचे जगणे अवलंबून असू शकते.

याच्या उलट चूकही घडू शकते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका तिन्ही घटतात, रक्तातील एलडीएच वाढते आणि अस्थिमज्जेतील मोठ्या, अपक्व पेशी पाहून कर्करोगाचा भास होतो. शाकाहारी आहार मोठ्या प्रमाणावर असलेल्या प्रदेशात ही स्थिती दुर्मीळ नाही आणि स्वस्त इंजेक्शनांनी ती पूर्ण बरी होते. म्हणून मोठ्या तपासण्यांकडे वळण्यापूर्वी बहुखंडी केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी शोधण्याची सवय निवासींना लावली जाते.

अस्थिमज्जेचा नमुना सामान्यतः कमरेच्या हाडाच्या मागील उंचवट्यातून, स्थानिक भूल देऊन घेतात. आधी द्रव ओढून त्याचे लेप करतात, नंतर हाडाचा बारीक तुकडा काढतात. प्रमाणित पद्धतीनुसार लेपातील ५०० पेशी मोजून त्यांचे वर्गीकरण करावे लागते. यंत्रांच्या युगात हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु हात आणि नजर तयार होण्यास दुसरा उपाय नाही. पुढील वर्षांत फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्र तपासणी आणि रेणवीय चाचण्यांचे अर्थ लावणे शिकवले जाते.

औषधे देण्याची शिस्त

कर्करोगविरोधी औषधांत थोडी चूकही सुधारता येत नाही, आणि प्रशिक्षणात याचे पहिले उदाहरण म्हणून व्हिन्क्रिस्टीनचे नाव घेतले जाते. लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाच्या रुग्णाला हे औषध शिरेतून, तर मिथोट्रेक्सेट कण्यातील द्रवात दिले जाते. व्हिन्क्रिस्टीन चुकून कण्यात गेल्यास जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. जगभरात असे अपघात झाल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये इशारा देऊन व्हिन्क्रिस्टीन सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, अशी शिफारस केली. पिशवी कण्याच्या सुईला जोडता येत नाही, एवढ्या साध्या तर्कावर ती उभी आहे. दोन्ही औषधे एकाच वेळी रुग्णाजवळ न आणणे आणि दोन व्यक्तींनी नाव, मात्रा व मार्ग मोठ्याने वाचून तपासणे हेही निवासीच्या अंगवळणी पडावे लागते.

दुसरा धडा तापाचा. रसायनोपचारानंतर न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली गेलेल्या रुग्णाला ताप आला, तर रक्तसंवर्धनासाठी नमुना घेऊन शक्यतो तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे लागते. अशा रुग्णाच्या अंगात पू तयार करण्याइतक्या पेशीच नसतात. त्यामुळे जंतुसंसर्गाची नेहमीची लक्षणे दिसत नाहीत आणि ताप हीच एकमेव सूचना असू शकते.

रक्तपेढी आणि मुंबईचा वारसा

रक्तसंक्रमणाचे शिक्षण रक्तपेढीत होते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला साठवतात, तर बिंबिका २० ते २४ अंशांना सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण पाच दिवसच टिकतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णाला किरणोत्सारित रक्तघटक लागतात; अन्यथा दात्याच्या लसीका पेशी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात.

रक्तगट तपासणीचा सर्वांत प्रसिद्ध धडा महाराष्ट्रातूनच जगाला मिळाला. १९५२मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी या प्रतिजनांचा पाया असलेला एच प्रतिजनच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. नेहमीच्या पेशी-तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ दिसतो, पण त्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंड ‘ओ’ गटाच्या पेशीही नष्ट करतात. त्यांना केवळ त्याच गटाचे रक्त चालते. रक्तद्रवाची उलट तपासणी आणि जुळवणी-चाचणी वगळू नये, हे निवासीला पटवण्यास एवढे उदाहरण पुरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तेच पुढे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून वाढले. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणही परळमध्येच, टाटा स्मारक रुग्णालयात १९८३मध्ये झाले.

परीक्षा, कामाचे तास आणि बंधपत्र

तीन वर्षांच्या शेवटी लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होते. त्याआधी केलेल्या प्रक्रियांची नोंदवही सादर करावी लागते. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला १२ तासांची कामाची मर्यादा नमूद आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली जाते, आणि कामाचे तास, विद्यावेतन व सुरक्षा हे ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांतील कायमचे विषय राहिले आहेत. आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत ‘वाजवी’ कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा यांचा उल्लेख आहे. वाजवी म्हणजे किती, हे तेथे सांगितलेले नाही. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतून अतिविशेषता पदवी घेणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते.

सांगली-मिरज परिसर

मिरजेची वैद्यकीय परंपरा १८९४मध्ये विल्यम वानलेस यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयापासून सुरू होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२मध्ये स्थापन झाले. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याला जोडलेले आहे. सांगली आणि मिरज या दोन शहरांना सांधणाऱ्या रस्त्यावर विश्रामबाग हे उपनगर आहे. विलिंग्डन आणि वालचंद या महाविद्यालयांमुळे ते पूर्वीपासून शिक्षणाचे ठिकाण म्हणून परिचित आहे. त्याच्या लगत वानलेसवाडी येथे भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय २००५पासून आहे.

या पट्ट्यातील निवासीला रक्त गोठण्याचा पहिला धडा अनेकदा पुस्तकाऐवजी सर्पदंशातून मिळतो. उसाच्या आणि इतर शेतांत घोणस आढळते. तिच्या विषातील घटक रक्त गोठवणारे पाचवे व दहावे घटक एकाच वेळी कार्यरत करून संपवून टाकतात; मग रक्त गोठतच नाही. याची तपासणी अगदी साधी असते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत शिरेतील २ मिलिलिटर रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरकी करून पाहायचे. रक्त वाहिले, तर प्रतिसर्पविष सुरू करायचे. नळी प्लॅस्टिकची असल्यास किंवा साबणाने धुतलेली असल्यास निष्कर्ष चुकतो. याच घोणसीचे विष विरळ करून प्रयोगशाळेत वापरले जाते आणि त्यावरून ल्युपस अँटीकोआग्युलंट हा वारंवार गर्भपात व रक्ताच्या गुठळ्या यांच्याशी निगडित दोष ओळखतात.

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या रुग्णांत बिंबिका घटतात आणि नातेवाइकांचे सारे लक्ष त्या आकड्याकडे लागते. रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी बिंबिका देण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. रक्तद्रव झिरपून रक्त दाट होत आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. हे कुटुंबाला समजावून सांगणे हाही निवासीच्या कामाचा भाग आहे, आणि दहा जणांच्या घोळक्यासमोर ते सोपे नसते.

रक्ताचा कर्करोग झालेल्या येथील रुग्णाला पुढील उपचारांसाठी पुण्याला (सुमारे २३० किलोमीटर) किंवा मुंबईला जावे लागते. रसायनोपचाराची आवर्तने तेथे होतात, मधले दिवस मात्र रुग्ण गावी असतो आणि पेशींची संख्या नेमकी याच दिवसांत, औषधानंतर साधारण सात ते चौदा दिवसांनी, सर्वांत खाली जाते. त्यामुळे महानगरातील तज्ज्ञाने दिलेल्या कागदावर पुढील आवर्तनाची तारीख जितकी ठळक लिहिलेली असावी लागते, तितकीच ताप आल्यास कोणते प्रतिजैविक द्यावे याची सूचनाही. तो कागद मध्यरात्री मिरजेच्या किंवा वानलेसवाडीच्या अपघात विभागात उघडून वाचणारा निवासी डॉक्टर बहुधा पहिल्या वर्षाचा असतो.