चांदा फोर्टची गाडी आणि चार खासदार

ऑक्टोबरच्या मध्यात गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी वडशाला थांबते, तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि मांडीवर पेंगणारी पोरं. यातले बहुतेक जण चांदा फोर्टला उतरणार असतात. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या जागेवर डोकं टेकवायला ही माणसं दरवर्षी जातात. याच डब्यात कुणाला विचारा, मत कोणत्या पक्षाला देता? चार बाकांवर पाच उत्तरं मिळतील.

ज्यांची श्रद्धा एक आहे, त्यांची मतं इतकी का विखुरली? नेत्यामुळे पक्षावरचा विश्वास उडतो म्हणजे नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला आपल्या भागात यापेक्षा मोठं उदाहरण नाही. म्हणून ते सावकाश बघू.

ही रेल्वेलाइन सुरू होते ते गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. त्याच भंडाऱ्यातून 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लढवली आणि ते हरले. त्यानंतर सर्व वंचितांना सामावून घेणाऱ्या मोठ्या पक्षाची कल्पना त्यांनी मांडली. पण 6 डिसेंबर 1956 ला ते गेले, आणि रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तो त्यांच्या पश्चात, 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात. अध्यक्ष झाले एन. शिवराज. लाइनच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपुरात, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. चंद्रपूरच्या दीक्षा समारंभामागे त्यांची मेहनत होती. पुढे 1969 ते 1972 ते राज्यसभेचे उपसभापतीही होते.

पक्ष स्थापन होऊन दोन-तीन वर्षंही झाली नाहीत, तोच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोन गट पडले. बी. सी. कांबळे आणि त्यांचे सहकारी यांना घटनेच्या, कायद्याच्या वाटेने जाणारा पक्ष हवा होता. दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरणारे. 1964 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या भूमी सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. आपल्याकडच्या धानपट्ट्यात, जिथे दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारा हात जास्त आणि स्वतःची बांधी असणारा कमी, तिथे त्या सत्याग्रहाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पण 1967 च्या सुमारास गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला, आणि खोब्रागडे व गायकवाड यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नंतर गवई गट, खोब्रागडे गट, कांबळे गट असंच बोललं जाऊ लागलं. नावं बघा. ‘जमिनीवाला गट’, ‘कायद्यावाला गट’ असं कुणी म्हणालं नाही. विचाराचा वाद माणसाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. विश्वास तुटण्याची पहिली पायरी माझ्या मते हीच आहे, आणि ती चढताना कुणाला फार दुखत नाही. तोवर आपला नेता आपल्याला बरोबरच वाटत असतो.

दुसरी पायरी हिशेबाची आहे. निवडणूक आयोगाची राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी, तर एक निकष असा: विधानसभेत 6 टक्के वैध मतं आणि किमान 2 आमदार. समजा एका समाजाची एकत्र मतं 9 टक्के आहेत. तीन गट झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला 3 टक्के. मतदार तेवढेच, मेहनत तेवढीच, पण मान्यता कुणालाच नाही. मान्यता नाही म्हणजे राखीव चिन्ह नाही, आणि उमेदवारी अर्जाला एकाऐवजी दहा सूचक लागतात. फेडरेशनचा आणि मग रिपब्लिकन पक्षाचा हत्ती आज बहुजन समाज पक्षाकडे आहे. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी तो हत्ती हाच पक्ष होता. बाप ज्या हत्तीवर शिक्का मारायचा, त्याच हत्तीसमोर पोराने बटण दाबलं ते दुसऱ्याच पक्षासाठी.

माणसाच्या नावावर सगळं कसं चालतं, हे झाडीपट्टीतल्या माणसाला पटकन कळेल. दिवाळीनंतर वडशात नाट्य मंडळांची कार्यालयं गजबजतात आणि गावोगावचे लोक प्रयोग ठरवायला येतात. ते मंडळाचं नाव विचारतात आणि लगेच विचारतात, यंदा त्यात कोण आहे? गाजलेला नट दुसऱ्या मंडळात गेला की तारीख तिकडे जाते. नाटकाच्या बाबतीत हे ठीकच आहे, रात्र नटावरच रंगते. पक्षाच्या बाबतीत तसं झालं तर माणूस जाताना तुमची वर्गणी, तुमचे मोर्चे, तुमच्या बापाचा तुरुंगवास सगळं बरोबर घेऊन जातो.

तो हे घेऊन जाऊ कसा शकतो? पक्ष लाखो लोकांचा, मग एका सहीने दिशा कशी बदलते? इथे थोडं कायद्याकडे बघावं लागेल.

तिकिटापासून सुरू करू. निवडणूक आली की ‘एबी फॉर्म कुणाला मिळाला’ ही चर्चा वडशाच्या चहाच्या टपरीवरही होते. यातला ए फॉर्म सांगतो की पक्षातर्फे सही करण्याचा अधिकार कुणाला आहे. बी फॉर्म सांगतो की उमेदवार कोण. विधानसभा-लोकसभेला हे कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावे लागतात. त्या सहीसाठी तालुक्यातल्या सदस्यांचं मत घेतलंच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नाही. नेत्याची खरी पकड इथे असते, भाषणात नसते.

मग व्हिप. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्या आमदार-खासदाराचं पद जाऊ लागलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ते काढलं, आता दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच वाट उरली. हेतू चांगला होता. परिणाम असाही झाला की नेता चुकला असं वाटणारा एकटा-दुकटा आमदार सभागृहात त्याच्याविरुद्ध हात वर करू शकत नाही.

पक्ष फुटलाच तर चिन्ह कुणाचं? ते 1968 च्या चिन्ह आदेशातल्या परिच्छेद 15 प्रमाणे आयोग ठरवतो. 1969 ला काँग्रेस फुटली, तेव्हापासून बहुमताची कसोटी चालत आली. 17 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला देताना आयोगाने शेवटी आमदार-खासदारांचं बहुमत धरलं. पक्षाच्या घटनेवर विसंबता येत नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं. 6 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीच्या बाबतीतही निर्णय विधिमंडळातल्या बहुमतावर गेला. कोण बरोबर हा वाद मी इथे उघडत नाही. वर्गणीची पावती फाडणाऱ्या सदस्याचं वजन अशा निकालात किती कमी ठरतं, एवढंच दाखवायचं आहे. त्याचा परिणाम गडचिरोली जिल्ह्याने 2024 च्या विधानसभेला पाहिला. अहेरीत राष्ट्रवादीच्या एका गटाच्या घड्याळावर धर्मरावबाबा आत्राम आणि दुसऱ्या गटाच्या तुतारीवर त्यांचीच कन्या भाग्यश्री समोरासमोर उभे राहिले. घड्याळ जिंकलं. वर्षानुवर्षं एकाच झेंड्याखाली काम केलेल्या कार्यकर्त्यांना बाजू निवडावी लागली.

आता पुन्हा निळ्या झेंड्याकडे येऊ, कारण 1998 सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. त्या वर्षी गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि चार खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि आपल्या भागातल्या चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा खुल्या होत्या. पूर्व विदर्भातल्या ज्या घरांनी कवाडे सरांचा 1979 चा नामांतराचा लाँग मार्च पाहिला होता, त्यांच्यासाठी तो दिवस सणाचा होता. 1999 ची निवडणूक येईपर्यंत ती एकी मोडली होती. चिमूर भाजपकडे गेलं.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. हरल्यामुळे विश्वास गेला असता तर तो 1954 लाच गेला असता. लोक हरणं सोसतात. जिंकल्यावर, हातात आलेलं नेत्यांनी आपसात मोडलं, ते लोक विसरत नाहीत.

विश्वास उडाल्यावर माणसं कुठे जातात, तेही याच इतिहासात दिसतं. काही जण नवं घर बांधतात: 1972 चं दलित पँथर अशाच निराशेतून आलं, 1984 ला बसपा आली. काही जण घरी बसतात. माझं स्पष्ट मत आहे की ही सर्वांत वाईट वाट. तुम्ही मत दिलं नाही म्हणून ए फॉर्मवरची सही बदलत नाही. नोटाचं बटण 2013 पासून आहे, त्याने नाराजी मोजली जाते, पण नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी विधानसभा-लोकसभेत पुढचा उमेदवारच विजयी होतो. आणि बरेच जण पक्ष सोडतात, पण काम सोडत नाहीत. विहाराची समिती, वाचनालय, पोरांच्या वसतिगृहाची धडपड. चांदा फोर्टला उतरणारी गर्दी अशांचीच आहे.

नेत्याशिवाय निर्णय होऊ शकतो का, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवतं. बहुमताने कुणाला दाबायचं नाही, पटेपर्यंत बसायचं. 2009 मध्ये याच रीतीने चाललेल्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. अख्खा पक्ष असा चालेल असं मी म्हणत नाही. पण तालुका समिती का चालू नये?

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. त्यांच्याच नावाने चाललेल्या पक्षांत हे सर्वांत आधी वाचलं जायला हवं होतं.

म्हणून तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, नेत्यावर रुसण्याआधी ही कामं करा. सदस्य असाल तर पावती जपून ठेवा. बऱ्याच पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या पक्षाची काढा आणि अध्यक्षाची निवड कशी, किती वर्षांनी, कुणाच्या मताने होते ते वाचा. तालुकाध्यक्षाला सर्वांसमोर विचारा की मागची अंतर्गत निवडणूक कधी झाली. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही, तिथे माणूस पारखून मत द्या. आणि देसाईगंज म्हणजेच वडशाच्या नगर परिषदेचा एबी फॉर्म वाटला जाण्याआधी, वाटल्यानंतर नव्हे, आपल्या वॉर्डाची बैठक बोलवा.